लाल दिव्याखालचा अंगठा

तीर्थरूप नामादादास,

धाकट्या भागीरथीचा वाकून नमस्कार. (वाकताना गुडघे करकरले, पाय मात्र मुळीच ठणकला नाही, ही बातमी आधी घे.) बाईजावहिनींचा खोकला गेला का? धनेशची नोकरी टिकली का? तुमच्या उंबरमाळीत रेंज नाही म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय फोनवर तब्येतीचा विषय निघाला की तुला लगेच ऐकू येईनासं होतं. कागदावर ती सोय नाही.

तर माझ्या डाव्या पायाचा अंगठा. भातकापणीत धसकट लागलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. साखर आधीच अंगात मुरलेली, त्यामुळे जखम भरायचं नाव घेईना. शहापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, इंजेक्शनं बदलली, शेवटी चेहरा बदलला आणि म्हणाले, अंगठा काढावा लागेल. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू? लावणीला चिखलात उभं राहायचं तर अंगठाच रुतून बाईला तोलून धरतो.

तेव्हा आमची संजीवनी पुढे झाली. (तीच, जिच्याबद्दल सगळी भावकी विचारायची, जंतू बघायला पोरीला एवढं शिकवतात होय?) मुंबईत ती ज्या इस्पितळात काम करते तिथे उजेडाच्या उपचाराचा अभ्यास चालू आहे. जखमेवर निळं औषध लावतात, ते जंतूंत भिनू देतात आणि मग त्यावर ठरावीक लाल उजेड सोडतात. उजेड पडला की औषध जागं होतं आणि गोळ्यांना न जुमानणारे जंतूही मरतात. मोठ्या डॉक्टरांनी हे मला इंग्रजीत समजावलं. माझा चेहरा बघून संजीवनी म्हणाली, "आये, औषध म्हंजे गवताची गंजी आनि उजेड म्हंजे काडी." मोठे डॉक्टर मान डोलवत बाजूला उभे! माझी छाती अशी फुगली की नर्सबाईंनी रक्तदाब पुन्हा मोजला.

पहिली खेप करून घरी आलो आणि आमच्या यांच्या डोक्यात (नाव घेत नाही, घेतलं तर उखाणा जोडावा लागेल) किडा वळवळला. यांचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. हळदीचे लाल दिवे घरात ढिगाने पडलेले असताना मुंबईला खेपा कशाला? दिवेलागणीला मला अंगणात पाटावर बसवलं आणि चारी बाजूंनी लाल फोकस सोडले. औषध नाही, काही नाही, नुसता अंगठा. आता आपल्याकडे अंगणात लाल दिवे लागले आणि मधे पाटावर बाई बसली की लोकांनी काय समजायचं? म्हसा गावाच्या रस्त्यावरून ते दिसलं आणि घटकाभरात अर्धं गाव नव्या साड्या नेसून दारात. लग्नात धवले गाणारी कमळ पहिली ओळ गातच आत शिरली आणि मग रुसली. "पोरीची हलद काढली, आनि आमाला आवतान नाय?" मी तोंड उघडेपर्यंत गालाला हळद लागलीसुद्धा. कुणीतरी डीजेवाल्याला फोन केला होता म्हणे.

नेमकी तेव्हाच संजीवनी मुरबाडच्या एसटीतून उतरली. आई हळदीने पिवळी, बाप वायर धरून उभा आणि गाव तिलाच विचारतंय, नवरा कुठला? तिने आधी दिव्यांचं बटण बंद केलं. "बाबा, औषधाशिवाय उजेड म्हंजे नुसती रोषणाई! आनि आयेच्या पायाला बधिरपन आहे, भाजला असता तरी तिला कळलं नसतं." यांचा चेहरा असा उतरला की मलाच दया आली. मग पोरीने जमलेल्या सगळ्यांना खाली बसवलं आणि साखर असलेल्यांनी रोज तळवे का बघायचे ते समजावून दिलं. कमळने तिथल्या तिथे तिच्यावर धवला रचला. मी लाजच सोडली आणि मोठ्याने गायले.

पुढच्या खेपा नीट केल्या, पथ्य पाळलं, ड्रेसिंग चुकवलं नाही. जखम भरली. अंगठा जागेवर आहे. यंदा लावणीला उतरणार. (संजीवनीने गमबूट आणलेत, त्यांत मी फौजदार दिसते.) पूर्वी "पोरीचं जमलं का" विचारणारे लोक आता तिला बघितल्या बघितल्या चपला काढून पाय पुढे करतात.

वहिनींना नमस्कार, लेकरांना पापे.

तुझी,
भागी

ता. क. बढाई फार झाली असेल तर होऊ दे. मुलगी माझी आहे.

आणखी एक ता. क. तुझा धनेश भेटला होता, नोकरीचं विचारायचं राहूनच गेलं. म्हणाला, बाबा शिमग्यापासून घरातसुद्धा मोजे घालून वावरतात, झोपतानाही काढत नाहीत. आणि वास येतो म्हणाला. दादा, उंबरमाळीतला माणूस वैशाखात मोजे घालतो, त्याला गाव फॅशन म्हणेल, मी म्हणणार नाही. एवढं लांबलचक पत्र मी यासाठीच लिहिलंय. संजीवनीशी बोलले आहे. हा उजेड सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, आधी पाय बघावा लागेल, असं तिने स्पष्ट सांगितलंय. येत्या मंगळवारी धनेशला घेऊन तिच्या इस्पितळात ये. मला भाऊ एकच आहे रे. यंदा भाऊबिजेला साडी नको, पाकीट नको. ओवाळायला बसशील तेव्हा दोन्ही पायांची मांडी घालून बस, एवढीच ओवाळणी दे.