आबांची धोकटी

१० फेब्रुवारी, मंगळवार. कात्रप, संध्याकाळ.

धोकटी आज शिवमंदिराजवळच्या तालमीला नेली. पेशवाईतल्या बाजाराच्या देखाव्यात न्हावी हवा, म्हणून दोन महिने खपून केलेली. चामड्याची पिशवी, लोहाराने घडवलेला वस्तरा, पितळी वाटी. माझ्या वडिलांची, आबांची होती तश्शी. निदान मला तसं वाटत होतं.

न्हावी होणारा निनाद वाटी उलटीसुलटी करत म्हणाला, "काका, साबण कुठाय?"

"साबण नसायचा रे. नुसतं पाणी लावून गाल चोळायचे, केस मऊ होईस्तोवर."

"लांबून पब्लिकला काय दिसणार? फोम मारू ना थोडा."

"पेशवाईत फोम?"

"बरं बाबा, पाणी. पण चोळायचं कसं? अंगठ्याने की बोटांनी? दाखवा."

हात त्याच्या गालापाशी नेला आणि तिथेच थांबला. आबा पारावर गिऱ्हाइकांचे गाल चोळायचे आणि मी शेजारी बसून शाळेची कविता घोकायचो. ती कविता अजून अख्खी येते. आरसा गिऱ्हाईकच हातात धरायचं, तेही आठवतं. पण आबांचा अंगठा?

शेवटी निनादने फोम मागवला. मी वाटी परत धोकटीत ठेवली.

आत्ता वाटीत पाणी घेऊन स्वतःचाच गाल चोळून पाहिला. अंगठ्याने, मग बोटांनी. दोन्ही परकंच. आठवणार कुठून? मला मिसरूड फुटलं तेव्हा आबा अशीच वाटी भरून म्हणाले होते, "ये, बस पुढ्यात." आणि मी, मॅट्रिकचा शहाणा, दुकानातून ब्लेड घेऊन आलो होतो.

त्यांनी परत कधी बोलावलं नाही.