तळघरातले किडे आणि मुरियलचा हात

मी, एल्स्पेथ रेनी, राहणार फर्गस, ओंटारियो, कीटकांच्या शरीरक्रियेची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि शुद्धीवर असताना लिहून ठेवीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. लाज माझी मीच पुरवते आहे. यापूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते कोणी वाचले असल्यास कृपया विसरावे.

१. घर. त्या आधीच्या कागदात आम्हा दोघींच्या या घरातला माझा अर्धा हिस्सा विद्यापीठाला आणि धाकटी बहीण मुरियल हिला फक्त केरसुणी दिली होती. कारण असे, की चर्चच्या जेवणावळीत तिने माझी ओळख करून दिली, "ही आमची एल्सी. किड्यांच्या मुताची प्राध्यापक!" सगळे हसले, पाद्रीसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाई खोटे काय बोलली? मी आयुष्यभर तेच तर पाहिले.

आमचा किडा, ढेकणाचा पंखवाला भाऊबंद, एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट रक्त पितो, टम्म फुगतो आणि बसल्या जागी पाण्याचे थेंब टाकू लागतो. पोट ताणले की त्याच्या चेतापेशींतून एक इवलेसे पेप्टाइड सुटते. ती हाक. मूत्रनलिकेच्या पेशींवर ती हाक ओळखणारा ग्राही असतो. त्याने ओ दिली की पाणी वाहते. मग दुसरे पेप्टाइड येऊन 'पुरे' म्हणते. ग्राही नसेल तर कितीही हाका मारा, काही हलत नाही. हे मी वर्गात जन्मभर शिकवले, आणि मुरियल जेवायला हाका मारी तेव्हा मी तळघरातून एकदाही ओ दिली नाही.

तरी माझा हिस्सा मुरियलला द्यावा. केरसुणी विद्यापीठाला.

२. विद्यापीठातले डॉ. लेस्टर फेन्विक यांनी मी शोधलेल्या हाकेवरून तो ग्राही शोधला आणि शोधनिबंधाच्या आभारातही माझे नाव घातले नाही. त्यांना माझी फुटकी काचनळी द्यावी. या कलमाची मला मुळीच लाज वाटत नाही.

३. किडे. विद्यापीठाने किडे पाळायची खोली बंद केली तेव्हा मी ते घरी आणले. बरणीच्या तोंडाला जाळीचे फडके, बरणी हातावर उपडी धरायची, की ते जाळीतून सोंड घालून जेवतात. ते निर्मळ आहेत, कोणताही रोग नाही. पोटभर जेवण मिळाल्याशिवाय मात्र कात टाकत नाहीत. तसेच लहान राहतात आणि शेवटी मरतात.

गेल्या हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावरून घसरून माझा खुबा मोडला. इस्पितळात पडल्या पडल्या मला खात्री होती, की मुरियलने बरणी उकिरड्यावर फेकली असणार. शुद्धीवर असताना मी तिला एका शब्दाने विचारले नाही. विचारायचे कशाला, पुन्हा हसायला?

उन्हाळ्यात घरी आले. काठी टेकत तळघरात उतरले, तर बरणीत सगळे धडधाकट! पिल्लांनी कात टाकलेली, कितीतरी जणांना पंख फुटलेले. मी वर येऊन तिच्यावरच खेकसले, "कोणाला घरात घेतलं होतंस? फेन्विकला?"

मुरियल भर उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून पीठ मळत होती. तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठलेल्या.

"गुंगीत तू सारखं 'त्यांना जेवायला घाला' म्हणत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, मांजर असेल. मग आठवलं, आपल्याकडे मांजर कुठंय? बरणी हाताला कशी लावतेस, ते पाहिलं होतं."

"अगं, पण तुला तर किळस येते त्यांची!"

"येते ना. डोळे मिटून घेते. चावताना कळत नाही मेलं, नंतर खाजतं. तेव्हा तुझ्या नावानं शिव्या घालते."

त्या क्षणी मला धरणीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते. तिची साधी माफीसुद्धा मला मागता आली नाही.

म्हणून लिहिते: माझ्यामागे किडे फ्रीझरमध्ये ठेवून शांतपणे संपवावेत, म्हणजे तिचा हात सुटेल. हे कलम मी तिला वाचून दाखवले. ती कडाडली, "माझ्या फ्रीझरमध्ये? तिथं खायचे गोड टार्ट असतात! शहाणीच आहेस. तू गेलीस की मला चावायला दुसरं कोण उरणार?" सबब हे कलम बदलून किडे मुरियललाच देते.

४. चादरी. खुबा मोडल्यापासून माझ्या शरीरात 'पुरे' ही हाक ऐकणारे कोणी उरलेले नाही. रात्री अंथरूण ओले होते. सकाळी मी चादर लपवते आणि मुरियल ती शोधून काढते. पहिल्यांदा सापडली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले. ती म्हणाली, "रडतेस काय? जेवलं की सोडायचंच. तुझे लाडके तेच करतात, आणि त्याबद्दल तुला केवढी पदवी दिली लोकांनी!"

घरातल्या सर्व चादरी तिच्याच आहेत. त्या मी कोणाला देऊ शकत नाही.

साक्षीदार बैठकीच्या खोलीत येऊन बसले आहेत आणि मागच्या अंगणातून हाक येते आहे, "एल्सी! चादर वाळली गं, ये, दुसरं टोक धर!" साक्षीदारांनी क्षणभर थांबावे. मी ओ दिली आहे. जाऊन येते, मग सही करते.

सही: एल्स्पेथ रेनी (चादर घडी करून आल्यावर)
साक्षीदार: ऑर्व्हिल टेट, शेजारी, विनिफ्रेड बोग, औषधविक्रेती. आम्हा दोघांसमक्ष सही केली. डोळे ओले होते, हात स्थिर होता.
स्थळ: फर्गस, ओंटारियो. दिनांक: ९ ऑगस्ट २०१९