जिनमागची जागा

बाबा, काल नाल्याचं पाणी पुन्हा घरात शिरलं. अख्ख्या वस्तीत सगळ्यांत आधी आपल्याच. ते उपसता उपसता तुमच्यावर इतका चिडलो, की म्हटलं आता लिहूनच काढावं.

पांढुर्ण्याच्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमागचा तो उंचवटा आठवतो? हंगामापुरतं राहा, होळीनंतर जागा खाली करा, असा जिनच्या गोऱ्या मॅनेजरचा हुकूम होता. रामाकोना गावाकडून मजुरीला आलेली तुम्ही सगळी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे कूड उभारून राहायची आणि हंगाम सरला की मोडून गावी जायची. ठीक आहे. पण गोरे गेले, मॅनेजर गेला, तरी तुमचा शिरस्ता सुटेना! शेजाऱ्यांनी मातीच्या भिंती घातल्या, कौलं चढवली. आपण दिवाळीनंतर परत यावं, तर आपल्या जागेवर कुणाची तरी शेळी बांधलेली. भांडायचं सोडून तुम्ही थोडं खाली सरकायचात. दरवर्षी थोडं खाली, असं करत आपण नाल्याला टेकलो. त्यापुढे पाणीच होतं.

नागपूर मुंबई राज्यात गेलं नि आपण मध्यप्रदेशात राहिलो, त्या हंगामाचा शेवट. माय चुलीसमोर बसली आहे, तुम्ही मोडलेले कूड बांधायला सुंभ घेऊन उभे.

"राज्य बदललं. आता नवा हुकूम येईन," तुम्ही म्हणता.

माय भाकर उलटते. "सायब समुद्रापार गेला, अन् तुमी अजून त्याचीच जागा खाली करून राहिले! मी यंदा चूल नाही फोडत जी."

तुम्ही छप्पर काढलंत, मग कूड काढले. ती भर उन्हात, उघड्यावर भाकरी थापतच राहिली. सगळी वस्ती पाहत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी तुम्ही तिच्याभोवती कूड पुन्हा उभे केलेत आणि जेवायला बसलात. त्या दिवशी आपलं घर झालं, असं मी धरतो. तुम्ही कधीच धरलं नाहीत. सुंभाचं भेंडोळं मरेपर्यंत उशाशी होतं. अहो, कुणासाठी?

आता सिमेंटच्या भिंती आहेत, वर स्लॅब आहे. परवा माझी सून म्हणाली, "बाबूजी, कॅलेंडर कपाटाले टेकवून काहून ठेवता? भिंतीवर लावा ना." प्लॅस्टर उडतं, असं काहीतरी मी सांगितलं.

हे पत्र टाकणार तरी कुठल्या पेटीत? कपाटातच राहील. तुमच्यावर एवढा चिडतो खरा, पण बाबा, या भिंतींत मी अजून एक खिळा ठोकलेला नाही.