मायाराची तब्येत

३ मार्च, सकाळी
आजपासून शिस्त. मायाराला गूळ, चीज, गोड बिस्किटं बंद. इन्सुलिन चारही वेळा मी स्वतः देणार. बारा वर्षांच्या पोरीला दिवसाला दोनशे युनिट म्हणजे अतीच, पण डॉक्टरीणबाईंशी कोण वाद घालणार?

३ मार्च, दुपारी
चीज दिलं. भुकेनं रडत होती. मी बाप आहे, कसाई नाही. उद्यापासून नक्की.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी परत समजावलं. हिच्या अंगात चरबी साठायला जागाच नाही, म्हणून ती रक्तात नि लिव्हरमध्ये जाते, साखर चढते, भूक भागत नाही. रोज लेप्टिन नावाच्या हार्मोनचं इंजेक्शन मिळालं तर फरक पडेल. ते फार महाग, सरकारकडून हवं तर कोर्टात अर्ज करायचा. मी मान डोलावली. मनात म्हटलं, अंगावर चरबी नाही ही काय तक्रार झाली? ब्राझीलच्या या कोपऱ्यात, आमच्या सेरिदोत, अशी घट्ट बांध्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या होतात, आमच्या घराण्यात जरा जास्तच.
आत्या म्हणाली, माझ्या दोन बहिणी अशाच होत्या, तिशीसुद्धा गाठली नाही. आत्या म्हणजे माझी सासूच. जमीन घरात राहावी म्हणून सोकोरोशी लग्न लावलं, ती माझी आतेबहीण. म्हटलं, आत्या, जरा शुभ बोल.

२२ मार्च
अर्ज दाखल! कामावर, टोप्यांच्या कारखान्यात, सगळ्यांना सांगून टाकलं, महिन्याभरात औषध घरी. असली कामं मला बरोबर जमतात. सोकोरो म्हणाली, अर्ज मी भरला, सही तेवढी तू केलीस. बरं.

१४ मे
कोर्टाने नेमलेल्या डॉक्टरची तपासणी. मायाराला मुद्दाम बिनबाह्यांचा फ्रॉक घातला, पिळदार दंड दिसावेत म्हणून. छाप पडली पाहिजे. डॉक्टरने विचारलं, थकते का, पोट दुखतं का. सोकोरो तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, छे हो! पाण्याचे दोन डबे एकटी उचलते. पंजा लढवण्यात वर्गातल्या पोरांना लोळवते. डॉक्टर हसला, सगळं लिहून घेतलं. मस्त झालं.
बाहेर आल्यावर सोकोरो रडली. म्हणाली, रोज पोट धरून बसते पोर, तिथे तरी खरं बोलायचंस. हिला कोर्टाची कामं कळत नाहीत.

५ जून
अर्ज फेटाळला. तातडीची गरज दिसत नाही, म्हणे. मुलगी धडधाकट असल्याचं वडील स्वतः सांगतात, म्हणे. डॉक्टरने माझं बोलणं नीट ऐकलेलंच नाही. अपील करणार. याच आठवड्यात.

२४ जून
सेंट जॉनचा सण. मक्याची खीर दोन वाट्या दिली. तीन असतील. सणाला पोरीला नाही कसं म्हणायचं? अपील सण झाल्यावर.

२६ जून
मायाराच्या पोटात कळा, उलट्या. गॅस. काढा दिला.

२७ जून
गॅस नव्हता. अॅम्ब्युलन्सने नाताल शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. स्वादुपिंड सुजलंय. रक्त काढलं तर नळीत चरबीने दुधासारखं पांढरं दिसलं. सोकोरोने पिशवीतून अपिलाचे कोरे कागद काढून मांडीवर ठेवले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार भीती वाटतेय.

१ जुलै, संध्याकाळी
आज मायारा बोलली. सोकोरो तिच्या पायाशी बसून अपिलाचे कागद भरत होती. मायाराने विचारलं, कसले गं? सोकोरोने सांगितलं, तुझ्या औषधाचे, परत तपासणी होईल. मायारा माझ्याकडे वळली. म्हणाली, पप्पा, या वेळी मी आजारी आहे असं सांगशील ना?
हो म्हणालो. लगेच म्हणालो.
मग बाहेर पॅसेजमध्ये आलो. तपासणीत सांगायचं ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघावं म्हटलं. माझी मुलगी... तेवढ्यात एक नर्स थांबली. तिने विचारलं, काय झालंय तुमच्या मुलीला?
म्हटलं, काही नाही हो, दणकट आहे पोर.