समुद्र सव्वा तासावर

२ मार्च
या वर्षी आईला समुद्र दाखवायचा म्हणजे दाखवायचाच. आमचे रेनडिअर उन्हाळ्यात जिथे चरायला जायचे, ती खाडी. म्हातारीला दुसरं काही नको. काराशोकच्या वृद्धाश्रमापासून सव्वा तासाचा रस्ता, व्हॅन माझी, धंदाही पर्यटकांना उत्तर टोकापर्यंत फिरवण्याचा. अवघड काय आहे त्यात? राउनाला फोन केला. धाकटी बहीण, पण जीभ थोरलीची. म्हणाली, दादा, गेल्या मार्चमध्येही हेच बोलला होतास.

१९ मार्च
वादळ. रस्ता बंद. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं!
दुपारी उघडला म्हणे. तोवर मी जेवून आडवा झालो होतो.

२३ एप्रिल
जर्मन जोडप्याला खाडीवर नेलं. तीच खाडी. मागच्या सीट रिकाम्या होत्या, पण आईला गिऱ्हाइकांत कोंबणं प्रशस्त वाटेना. त्यांना सांगितलं, आम्हा सामी लोकांत आई म्हणजे सर्वस्व. बाईंच्या डोळ्यांत पाणी. मग त्यांना माझं योइक ऐकायचं होतं. मूल जन्मलं की आई खास त्याचे म्हणून जे सूर बांधते, ते. अर्ध्यात अडकलो. पुढचं घरगुती असतं, असं सांगून वेळ मारून नेली. रिव्ह्यू: पाच स्टार.

८ जून
राउना म्हणते, आई माणसं विसरायला लागली. राउनालाच मावशी समजली. वय झालं, व्हायचंच. खाडीवरची हवा लागली की ठणठणीत होईल. जुलै नक्की.

१४ जुलै
ऐन सीझन. शिवाय डास. आईला डास सोसायचे नाहीत, असं कळवलं. राउना म्हणाली, ती डासांतच जन्मली रे, तुझ्या सीट खराब होतील ते सांग. काय बोलायचं अशा माणसाशी!

३० ऑगस्ट
पुन्हा राउना. आई रोज कोट घालून दाराशी बसते. मुलगा न्यायला येतोय म्हणते. उद्याच जायचं.

२१ सप्टेंबर
गेलो.
आई निमूट मागच्या सीटवर बसली, गिऱ्हाईक बसतं तशी. म्हणाली, गाडी छान ठेवलीत तुम्ही. तुम्ही! जन्मात मला तुम्ही म्हटलं नव्हतं तिने. वाटलं, थट्टा करतेय. आरशात पाहिलं. थट्टा नव्हती.

खाडीवर बोचरा वारा. कळप कधीच परत फिरले होते. हात धरून तिला पाण्यापर्यंत नेलं. खूप वेळ बघत राहिली. मग विचारलं, तुम्हाला मुलंबाळं? मी नाही म्हणालो, का कोण जाणे. ती म्हणाली, मला मुलगा आहे, इस्साट. थांबा, कसा आहे ते ऐकवते. आणि तिने माझं योइक म्हटलं. अथपासून इतिपर्यंत, मी विसरलेल्या भागासकट. एक सूर चुकला नाही.

परत आल्यावर दारात तिने माझा हात धरला. म्हणाली, माझ्या मुलाला सांगू नका हं, मी समुद्र पाहून आले ते. तो नेणार आहे मला. हिरमुसेल बिचारा.

नाही सांगणार, म्हणालो.