उजवा बूट

प्रिय खारूताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. फोन सोडून दादा कागद-पेन घेऊन बसला म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय, हेच तुझ्या डोक्यात आधी येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. वहिनी ठणठणीत आहे, पाय जागच्या जागी आहे आणि आज सकाळची साखर एकशे अठरा. आता श्वास सोड आणि नीट बसून वाच. जन्मभर पोस्टात बसून लोकांची पत्रं इकडून तिकडे लावून देतेस आणि मला मेलीला कुणी दोन ओळी लिहीत नाही म्हणून कुरकुरतेस ना? घे मग. अक्षर लागलं नाही तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस. चाळीस वर्षं बूट शिवलेल्या हाताला हे पेन फारच बारीक वाटतंय.

तू जाऊन अठरा दिवस झाले. वहिनी अजून सकाळी तीन कप मांडते, मग एक गुपचूप फडताळात परत ठेवते आणि मी पाहिलं तर नाही ना, म्हणून माझ्याकडे बघते. मी पाहिलेलं असतं, पण मी पेपरात तोंड खुपसतो. बाकी तू घालून दिलेला नेम चालू आहे. उठल्यावर बोटाला टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, पोटाला सुई, आणि मग खुर्चीत बसून जमिनीवर ठेवलेल्या आरशावर तळवे धरायचे. दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसकट. वहिनी म्हणते, लग्नाच्या दिवशीसुद्धा या माणसाने आरशात इतका वेळ घालवला नव्हता. बोलू दे तिला. ज्या तळव्यांवर सत्तावन्न वर्षं उभा राहिलो, त्यांची माझी ओळख आत्ता होतेय.

तुला समोर कधी बोललो नाही, ते आज लिहितो. सहा वर्षं मी तुला फोनवर सांगत आलो, की मला साखर आहे पण थोडीशीच आहे. थोडीशी म्हणजे किती, हे तू एकदा विचारलंस आणि मी विषय बदलला. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. तू नऊ वर्षांची असल्यापासून सुया टोचून घेतेस, आणि मी तेराव्या वर्षापासून तुझा धडधाकट मोठा भाऊ. तुला काही झालं तर धावायचं ते मी. त्या कामावरून मला माझ्या हाताने राजीनामा द्यायचा नव्हता. म्हणून गोळ्या आठवल्या की घ्यायच्या, विसरल्या तर विसरल्या, आणि पायाला मुंग्या येतात हे कुणाला सांगायचं नाही. मग एक दिवस मुंग्याही यायच्या थांबल्या. मला वाटलं, चला, बरं झालं.

आणि तो खिळा. दुकानातली माझी रीत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या हातात बूट देण्याआधी आत हात घालायचा आणि बोटांच्या टोकांनी सगळा तळ चाचपायचा, कुठे खिळ्याचं टोक वर आलंय का, शिवण टोचतेय का. उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि चाळीस वर्षांत एकही जोड मी हात घातल्याशिवाय सोडलेला नाही. फक्त एक जोड सोडला, माझा. दुकान बंद करताना घाईघाईत माझ्याच बुटाचा सोल ठोकला आणि पाय घालून घरी आलो. दोन दिवस तो खिळा पायात घेऊन मी दुकानात उभा होतो, बाजार केला, जिने चढलो. मोजा जखमेला चिकटला तेव्हा कळलं. तरी वर पट्टी लावून आणखी दहा दिवस काढले, इतका मी हुशार. शेवटी घरभर वास सुटला तेव्हा वहिनीने मला रिक्षात कोंबलं.

इस्पितळात नर्सबाईंनी उजव्या पायाच्या अंगठ्याखालच्या जखमेभोवती पसरलेल्या लालीच्या कडेने पेनने रेघ ओढली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत लाली या रेघेच्या आत राहिली तर बघू, बाहेर गेली तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबेलच असं सांगता येत नाही. सकाळी तू आलीस. पिशवी खाली ठेवलीस, लाली रेघेच्या आत आहे हे आधी बघितलंस, मग खाटेच्या पायथ्याशी बसून माझी टाच ओंजळीत धरलीस. मी शिव्या खायची तयारी करून बसलो होतो. तू एकच वाक्य बोललीस.

"दादा, दुखत नव्हतं म्हणून तू पाहिलंच नाहीस."

बस्स, पुढे पाच महिने त्यावर एक अक्षर नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. जन्मभर मी दुखण्याच्या नावाने खडे फोडले. अंगठ्यावर हातोडी बसली की आख्खा बाजार ऐकेल असा ओरडायचो. दुखणं हे राखणदाराचं काम करत होतं, हे तो राखणदार निघून गेल्यावर कळलं. आणि आता त्याची ड्यूटी डोळ्यांनी करायची, हातांनी करायची, रोज, न चुकता. तू हेच करत आलीस. तुझ्या अंगात जे काम आपोआप व्हायला हवं होतं ते बंद पडलं, आणि नऊ वर्षांच्या पोरीने ते उचललं.

जखमेबद्दल तर कुणाजवळ बोलायची सोय नाही. वहिनी पट्टी सुटायच्या आधीच चक्कर येऊन सोफ्यावर आडवी व्हायची, आणि तू मला सांगायचीस की हलू नकोस, आधी तिच्या तोंडावर पाणी मारून येते. दर सोमवारी तू जखमेवर पातळ प्लास्टिकचा कागद धरून कडेने रेघ ओढायचीस, आणि मी तो आकार कापून ठेवायचो, बुटाचा नमुना कापतो तसा. पहिला जर्दाळूएवढा. मग बदामाएवढा, मग वाटाण्याएवढा, मग मसुराच्या दाण्याएवढा. एकवीस तुकडे आहेत, मी ते एका कागदावर चिकटवलेत. मधल्या दोन सोमवारी काहीच हललं नव्हतं आणि एकदा तर आकार वाढला होता, आठवतं? त्या दिवशी आपण तिघंही जेवलो नाही. पण तळातून मांस वर येत होतं, लालबुंद, कणाकणाने, आणि चहूबाजूंनी कातडी केसाएवढी पुढे सरकत होती. अगं, चाळीस वर्षं मी चामडं शिवलं. फाटलेलं चामडं फाटलेलंच राहतं, सुई-दोरा घेऊन आपल्यालाच बसावं लागतं. सुई नाही, दोरा नाही, आणि आपली आपण शिवली जाणारी कातडी मी पहिल्यांदा पाहिली. तीही माझ्यासारख्या हलगर्जी माणसाच्या पायाला. मला तर हात जोडावेसे वाटले, कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून तुलाच जोडले. तू म्हणालीस, नाटकं पुरे, पाय वर घे.

पण पायापेक्षा मी तुला बघून जास्त थक्क झालो, हे कबूल करतो. लहानपणी एका घरात राहून जे दिसलं नाही ते या पाच महिन्यांत दिसलं. ताटाकडे एक नजर टाकून तू भात किती, बटाटा किती, आज चालणं किती झालंय, काल झोप किती झाली, सगळं मनात मांडतेस आणि सुईचा आकडा फिरवतेस, आणि हे करताना वहिनीशी पडद्यांच्या रंगावरून वादही घालतेस. एकदा ड्रेसिंग अर्ध्यावर असताना तू थांबलीस. तुझी साखर एकदम उतरली होती. हातमोजे काढलेस, खिशातून लिंबाची गोळी काढून तोंडात टाकलीस, भिंतीला टेकून बसलीस. मी घाबरून उठायला लागलो तर बोटाने गप्प बस म्हणून खुणावलंस. दहा मिनिटांनी बोट टोचून बघितलंस, हात धुतलेस, नवे हातमोजे चढवलेस आणि जिथे थांबली होतीस तिथून पुढे सुरू. चव्वेचाळीस वर्षं हे असंच चालू आहे. शाळा, परीक्षा, पोस्टातल्या पाळ्या, सगळं याच्या जोडीने. आणि मी माझ्या तिसऱ्याच आठवड्यात अर्ध्या वाटी भातावरून ताट भिरकावलं आणि हमसून हमसून रडलो. तू समजूत घातली नाहीस. वर्षातून एकदा तूही सुयांचा डबा भिंतीवर फेकतेस, असं सांगितलंस. आणि मग गुडघ्यांवर बसून एकेक सुई गोळा करतेस, कारण पुढची वेळ तासाभरावर आलेली असते. एवढं बोलून तू माझ्यासाठी दुसरं ताट वाढलंस. तितकाच भात.

तुझं हे नाव कसं पडलं ते वहिनीला परवा सांगितलं. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, आणि तरी ताई. तू आजारी पडलीस तेव्हा डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, की पोरीच्या हाताशी कायम काहीतरी गोड हवं. तेव्हापासून पिवळ्या कागदातल्या त्या लिंबाच्या गोळ्या तू घरभर लपवायला लागलीस. कंपासपेटीत, उशीच्या अभ्र्यात, घड्याळामागे. म्हणून खारूताई. घरात कायदा एकच होता, की तिच्या गोळीला कुणी हात लावायचा नाही. आणि एक गोळी तू माझ्या शाळेच्या उजव्या बुटात लपवली होतीस, तिथे कोण बघतंय म्हणून. मी पाय घातला आणि असा ओरडलो की आई पोळलेल्या हाताने स्वयंपाकघरातून धावत आली. तेव्हा माझ्या पायांना कळत होतं बघ. संध्याकाळी तू पांढरीफटक पडून भिंत धरत दाराशी आलीस, माझ्या बुटात हात घातलास, चाचपलंस, पुन्हा चाचपलंस. काहीच नव्हतं. तू वर माझ्याकडे पाहिलंस. मी धावत जाऊन साखरेचा डबा आणला आणि तुझ्या तोंडात साखर कोंबली. नंतर आईने विचारलं, गोळी कुठे गेली, तर तू म्हणालीस, माझ्याकडूनच हरवली.

तर आता परवाचं ऐक, त्यासाठीच तर हे सगळं लिहितोय. मंगळवारी डॉक्टरांनी नवे बूट घालायला परवानगी दिली. तेच, जे मी तुझ्यासमोर बसून शिवले, एकही खिळा न ठोकता. तू जायच्या आदल्या दिवशी ते इस्पितळात तपासायला नेऊन दिलेस, तेव्हा मला वाटलं डॉक्टरांना माप बघायचं असेल. नर्सबाईंनी उजवा बूट माझ्या हातात दिला आणि हात बांधून समोर उभ्या राहिल्या. पाच महिन्यांनी बूट घालायचा म्हणून मी इतका उतावीळ झालो होतो की पाय उचललासुद्धा. मग थांबलो. पाय खाली ठेवला आणि आत हात घातला. अगदी टोकाशी, अंगठ्याच्या जागी, काहीतरी लागलं. कागद चुरचुरला. नर्सबाईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्या म्हणाल्या, हात न घालता पाय घालायला गेला असता तर बूट काढून घ्यायचा असं तुमच्या बहिणीने बजावून ठेवलंय. मी ऐकत होतो कुठे? माझ्या तळहातावर पिवळ्या कागदातली गोळी होती. तुझ्या गोळीला कुणी हात लावायचा नाही, आणि तू ती माझ्यासाठी ठेवून गेलीस. खारूताई, त्या दिवशीची गोळी हरवली नव्हती. माझ्या पायाला टोचली म्हणून रागाने मी ती खाल्ली होती. तुला हे तेव्हाच माहीत होतं, हेही मला माहीत आहे. पण मी तोंडाने कधी म्हणालो नाही, ते आज म्हणतो. ही गोळी मी खाल्लेली नाही. खिशात ठेवलीय, आता मलाही इन्सुलिन आहे, कधी लागेल सांगता येत नाही. आजपासून चौकापर्यंत चालायची परवानगी आहे, आणि चौकात काय आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पोस्टाची पेटी. वहिनी सोबत येते म्हणाली, तिला म्हटलं, तू दारात उभी राहून बघ. बुटात हात घालून झालाय, दोन्ही. आता पाकीट बंद करतो आणि निघतो. तू हे वाचते आहेस, म्हणजे मी पोचलो.

तुझाच,
गोळीचोर दादा