ओल्या लाकडाचा जाळ

अप्पा, आज आपल्या भट्टीचं धुराडं उतरवलं. धाकट्यानं तारिहाळहून गॅसची मोठी शेगडी करून आणली आहे, खव्याला आता लाकूड नको. पाईपाचे तुकडे अंगणात पडले होते. एकावर मी काठी मारली, तर भुरभुरीत काजळी खाली आली, हाताला लागली तीही फुंकरीनं उडाली. माझ्या वेळची काजळी अशी नव्हती.

माझ्या वेळची म्हणजे मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची. अमावास्येला भट्टी बंद असायची आणि धुराडं झाडायचं काम माझं. वेळूला काथ्याचा कुंचा बांधून मी माळ्यावर चढायची. पाईपाच्या आत काळा, चकचकीत थर असायचा, डांबरासारखा. कुंचा त्याच्यावरून नुसता घसरायचा. "अप्पा, हे निघत नाही हो," मी वरून ओरडले होते. तुम्ही खाली कढई घासत म्हणालात, "जोर लाव की जरा. खाल्लेलं कुठं जातंय?" मला हसू आलं होतं. धाकट्याला खव्यातलं काही कळत नाही, माझ्यानंतर भट्टी हिचीच, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. त्या एका वाक्यावर मी हवेत होते.

आणि मग ती दुपार. पाईप घुमायला लागतो, मला वाटतं वारा सुटलाय. बघता बघता पत्रा लाल होतो, छपराचे वासे धुमसायला लागतात. आतलं डांबर पेटून खाली गळतं. आई कढई ओढायला धावते आणि एक पेटता गोळा तिच्या कोपरावर पडतो. शेजाऱ्यांनी ओल्या गोणपाटांनी आग विझवली. अर्धी गल्ली जमलेली असताना तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "नुसता कुंचा फिरवून आलीस तू. उद्यापासून भट्टीकडं फिरकायचं नाही."

नाही फिरकले. वर्षाच्या आत लग्न झालं, पुढं जन्मभर शाळेत कारकुनी केली. माहेरी आले की आईच्या कोपरावरचा तो व्रण बघून माझी मान खाली जायची. आजही घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का, ते मी तीनदा परत येऊन बघते. धाकटा अजून पाहुण्यांना रंगवून सांगतो, अक्काच्या हातात धुराडं दिलं आणि छप्पर गेलं. मीही सगळ्यांबरोबर हसते.

आज उरलेलं लाकूड परत न्यायला अळणावरचे लाकूडवाले आले होते. तेव्हा आपल्याला लाकूड घालायचे तेच, आता म्हातारे झालेत. पाईपाकडं बघून म्हणाले, "वाळक्या लाकडाची काजळी अशीच झडतीय अक्का. पैलं अप्पा ओलंच मागायचे. जाळ मऊ राहतोय, खवा तळाला लागत नाही म्हणायचे. मी सांगितलोतो, ओल्याचं डांबर धरतंय, कुंच्यानं निघत नाही, एक दिवस पेटतंय बघा. ऐकले नाहीत. पेटल्यावर चौथ्या दिवशी स्वतः आले अळणावरला. ह्यापुढं वाळकंच दे म्हणाले."

चौथ्या दिवशी! म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. ओलं लाकूड घातलंत याचा मला राग नाही अप्पा, चांगल्या खव्यासाठी मीही घातलं असतं. पण लाकूड बदलायला तुम्ही अळणावरपर्यंत गेलात आणि त्याच घरात मागच्या खोलीत रडत बसलेल्या मुलीपर्यंत येणं तुम्हाला जमलं नाही. त्यानंतर बारा वर्षं होतात तुम्ही. दर दिवाळीला माझ्या घरी यायचात, मी केलेला खवा जिभेवर ठेवून म्हणायचात, "हात अजून तसाच आहे हिचा." मी खुळी, ते कौतुक समजून आठवडाभर खुशीत असायची. फसवलंत मला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी घालून कपाटातल्या साड्यांखाली ठेवीन. धाकट्याला अजून काही बोलले नाही. एक तेवढं तुम्हाला सांगते. माझा चेहरा बघून लाकूडवाल्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं काय अक्का?"

मी म्हणाले, "होतं की. अप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं मला."